उपराष्ट्रपती कोण निवडतो?



आपल्या अचलपूरच्या आमदारांना राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत असते. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत नसते. घटनेच्या कलम ६६ प्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य गुप्त मतदानाने उपराष्ट्रपती निवडतात. मुदत ५ वर्षे. तेच राज्यसभेचे सभापती असतात. २००२ साली सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे या पदासाठी उभे होते. त्यांना ३०५, तर भैरोंसिंह शेखावत यांना ४५४ मते पडली. पदावरून दूर करण्यासही राज्यसभेचा बहुमताचा ठराव व लोकसभेची संमती लागते.

म्हणजे निवडणारे खासदार आणि काढणारेही खासदारच. मग मित्रांनो, अमरावतीचा खासदार निवडताना आपण या पदालाही हात लावीत असतो. ते मत विकू नका, वाया घालवू नका.