आधी शब्द ओळखू, मग सही करू

हातातलं काम आटोपलं असेल तर जरा बसा. जवळ असेल तर घरातलं बँकेचं पासबुक किंवा औषधाच्या गोळ्यांचं पाकीट घ्या. आज आपण रोजच्या इंग्रजी शब्दांबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, स्पेलिंग पाठ करायला आम्ही सांगणार नाही.

आधी आमचीच चूक सांगतो. एका संध्याकाळी आमच्या गटातल्या एक ताई कागद घेऊन आल्या. त्यांच्या शेजारणीला कर्ज मिळत होतं आणि त्या कागदावर ताईंची सही हवी होती. 'साक्षीदार म्हणून करा सही, बाकी काही नाही,' असं त्यांना सांगितलं होतं. ताईंनी आम्हाला विचारलं, 'करू का?' कागद सगळा इंग्रजीत. सहीच्या जागेखाली शब्द होता 'गॅरंटर'. आमचं शिक्षण बीएपर्यंत झालेलं, तरी तो शब्द वाचून आम्हाला आठवलं ते मिक्सरबरोबर येणारं गॅरंटी कार्ड! म्हटलं, खात्रीसाठी असेल काहीतरी. करा सही.

गॅरंटर म्हणजे जामीनदार. हाच शब्द मराठीत असता, तर ताई आम्हाला विचारायलाही आल्या नसत्या. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलं की काय होतं, हे गावात कुणाला सांगावं लागतं?

पुढे शेजारणीचे हप्ते थकले आणि ताईंना फोन येऊ लागले. मग नोटीस आली. ताईंनी ती पंधरा दिवस पिठाच्या डब्याखाली लपवून ठेवली, घरात कुणाला सांगितलं नाही. शेवटी आम्ही सगळ्या मिळून त्या ऑफिसात गेलो, हिशोब लिहून घेतला, शेजारणीशी बोललो. हप्ते पुन्हा सुरू झाले आहेत, पण ताईंचं नाव अजून त्या कागदावर आहे. सगळं फिटेपर्यंत आम्हाला त्याचा घोर आहे.

तेव्हा एक गोष्ट आम्हाला कळली. व्यवहार आपल्याला चांगला कळतो. अडतो तो फक्त शब्दापाशी. म्हणून अख्खी भाषा येईपर्यंत थांबायचं नाही. जिथे आपले पैसे, आपली सही आणि आपला जीव गुंतलेला असतो, तिथले शब्द आधी शिकायचे.

कर्जाच्या कागदावरचे चार शब्द लक्षात ठेवा. 'ॲप्लिकंट' म्हणजे अर्जदार. 'को-ॲप्लिकंट' म्हणजे सहअर्जदार, तोही कर्जाला बांधलेला. 'गॅरंटर' म्हणजे जामीनदार. आणि 'विटनेस' म्हणजे साक्षीदार. कुणी तोंडाने साक्षीदार म्हणालं, तरी कागदावर विटनेसच लिहिलंय का, ते बघायचं.

आता पासबुक उघडा. आपल्या गटाच्या वहीत जमा आणि नावे असतात ना? तेच इथे. 'क्रेडिट' म्हणजे जमा, 'डेबिट' म्हणजे नावे, पैसे गेले. क्रेडिटचं पहिलं अक्षर 'सी', ते चंद्रकोरीसारखं दिसतं. डेबिटचं पहिलं अक्षर 'डी', ते दोरी ओढलेल्या धनुष्यासारखं. चंद्रकोर दिसली की पैसे आले. धनुष्य दिसलं की बाण सुटला, पैसे गेले. मोबाईलच्या मेसेजमध्ये कधी दोन्ही शब्द असतात, तेव्हा आपल्या खात्यापुढे कोणता आहे ते बघायचं.

आमच्या एका मैत्रिणीला 436 रुपयांचा मेसेज आला. सरकारने पैसे टाकले म्हणून तिने आनंदाने सांगितलं. धनुष्य ओळखता आल्यावर कळलं, ते कापले गेलेत. चौकशी केली तर तो जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता निघाला. आपला विमा आहे, हेच तिला माहीत नव्हतं! लगेच तिने 'नॉमिनी' कोण लावलाय ते तपासलं. नॉमिनी म्हणजे आपल्या माघारी पैसे ज्याच्या हाती द्यायचे, ती व्यक्ती.

मोबाईलवरचा 'पिन' हा तिजोरीच्या किल्लीसारखा. पैसे पाठवताना तो लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर कळवा.

आता गोळ्यांचं पाकीट. त्यावर दोन तारखा असतात. 'एमएफजी' म्हणजे औषध कधी बनवलं. 'ईएक्सपी', म्हणजे एक्सपायरी, हे औषध कधीपर्यंत चालेल ते सांगतं. 'ई' हे तीन दातांच्या कंगव्यासारखं आणि 'एक्स' म्हणजे फुली. कंगवा आणि फुलीपुढची तारीख वाचायची. तिथे 08/26 असेल, तर ऑगस्ट 2026 संपेपर्यंतच ते घ्यायचं. मलमावर 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' असेल, तर ते फक्त वरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. फवारणीच्या डब्यावरचा रंगही बघा. लाल रंग म्हणजे सगळ्यात जहाल विष, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी ते विषच, हे विसरू नका. 'पॉयझन' म्हणजे विष, 'डेंजर' म्हणजे धोका.

बोलायला लागणारी वाक्यंही शिकू. 'प्लीज एक्सप्लेन' म्हणजे समजावून सांगा. 'आय वॉन्ट अ रिसीट' म्हणजे मला पावती हवी. पण सगळ्यात मोलाचं वाक्य मराठीतच आहे: 'मी वाचून मग सही करते.' बँकेत मराठी फॉर्म मागायलाही लाजू नका. खातेदारांचे फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याच्या भाषेत ठेवावेत, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं आहे. मराठी फॉर्म मागणं हा अडाणीपणा नाही, आपला हक्क आहे.

'या वयात कशाला?' असं म्हणणारे भेटतील. सावित्रीबाईंनी 1854 मध्ये छापलेल्या 'काव्यफुले'मध्येही इंग्रजी शिका असं सांगितलं होतं. त्यांचं ऐकायला आपल्याला उशीरच झालाय, आणखी नको.

आमच्या गटात आता नियम आहे. बैठकीला येताना प्रत्येकीने घरातला एक इंग्रजी कागद आणायचा, मग ती पावती असो, पुडी असो की लाईटबिल. त्यातले पाच शब्द निवडायचे, अर्थासह वहीत लिहायचे आणि पुढच्या बैठकीत आधी तेच विचारायचे. अडलं तर शाळेत जाणाऱ्या लेकीला विचारतो. तीही खूश होते. नोटीस लपवणाऱ्या त्या ताईच आता ही वही सांभाळतात. पहिल्या पानावर त्यांनी मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिलाय: गॅरंटर.

तुमच्या वहीतला पहिला शब्द कोणता असेल? पुढच्या बैठकीत ठरवा. नमस्कार.