ऊन, पाऊस आणि प्लास्टिकचा कचरा

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



परिसर अभ्यासाच्या तासाला ‘प्लास्टिक कुजत नाही’ हे वाक्य आपण सर्वच जण शिकवितो. वाक्य खरे आहे. परंतु त्यावरून मुलांची अशी समजूत होते, की उकिरड्यावर पडलेली पिशवी शेकडो वर्षे जशीच्या तशी राहते. उलटपक्षी, घराच्या पत्र्यावर पडलेली पिशवी एकदोन उन्हाळ्यांनंतर हात लावताच चुरा होते, हे गावातील मंडळींनी पाहिलेले असते, आणि ‘उन्हानेच तिचा निकाल लागला’ असे ती समजतात. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. त्यांचा उलगडा करावा आणि त्या अनुषंगाने शाळेच्या कामात एक लहानसा बदल सुचवावा, एवढाच माझा आजचा हेतू आहे.

केळीचे पान मातीत पडले, म्हणजे सूक्ष्म जीव त्याचे अन्न करतात आणि काही महिन्यांत त्याचे खत होते. हे कुजणे होय. पॉलिथिनच्या पिशवीतील रेणू अतिशय लांब साखळ्यांचे असतात आणि त्या तोडण्याचे साधन मातीतील जीवांजवळ जवळजवळ नसते. ते साधन सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांजवळ मात्र आहे. हे किरण प्लास्टिकमधील किरकोळ अशुद्ध द्रव्यांत शोषले जातात, हवेतील प्राणवायू त्या क्रियेत भाग घेतो आणि साखळ्या ठिकठिकाणी तुटू लागतात. पिशवी प्रथम फिकट होते, मग ठिसूळ होते, तिच्यावर भेगा पडतात आणि शेवटी तिचे तुकडे होतात. परंतु पदार्थ बहुतांशी तेवढाच राहतो. वाढते ती तुकड्यांची संख्या. खडू कुटून त्याची भुकटी केली, म्हणून खडू नाहीसा होत नाही. तो हाताने उचलता मात्र येत नाही. प्लास्टिकचे नेमके हेच होते.

5 मिलिमीटरहून लहान अशा कणांना आज सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्प्सन व त्यांचे सहकारी यांनी 2004 साली समुद्रातील अशा कणांकडे जगाचे लक्ष वेधले. त्यानंतर मासे, मीठ, उत्तर ध्रुवाकडील बर्फ आणि 2022 साली माणसाचे रक्त यांतही असे कण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, याचा अभ्यास अजून चालू आहे; परंतु एकदा पाण्यात मिसळलेले कण परत गोळा करण्याचा व्यवहार्य उपाय आपल्याजवळ नाही, एवढे निश्चित.

आता हवामानाचा संबंध पाहू. वर सांगितलेली क्रिया उष्णतेने वेग घेते. वैशाखात तापलेल्या वाळूवर किंवा मुरमावर पडलेली पिशवी हवेहूनही अधिक तापते आणि लवकर फुटते. तीच पिशवी समुद्रात गेली, तर पाण्याचा गारवा आणि अंगावर वाढणारे शेवाळ यांमुळे तिचे फुटणे मंदावते. खोल तळाशी तर प्रकाशच पोहोचत नाही. म्हणून प्लास्टिकचा चुरा होण्याचे मुख्य स्थान म्हणजे उघडी जमीन आणि किनारा. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, तसतशी ही क्रियाही अधिक वेगाने होणार.

पावसाचेही तसेच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. असा पाऊस ओढ्याकाठचा कचरा एका दिवसात नदीत लोटतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नाले तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिकच्या पिशव्यांचाही वाटा होता, हे आपणांस स्मरत असेल.

उलट दिशेनेही हा संबंध आहे. प्लास्टिक मुख्यत्वे खनिज तेल व वायू यांपासून बनते. शिवाय उन्हात पडलेल्या प्लास्टिकमधून मिथेन व एथिलीन हे वायू बाहेर पडतात, असे हवाई विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली दाखवून दिले. त्यांचे प्रमाण इतर उगमांच्या मानाने अल्प आहे. परंतु मिथेन हा पृथ्वीची उष्णता वाढविणारा वायू आहे.

यावरून आपल्या कामाची दिशा ठरते. आपल्या शाळांत मोठी स्वच्छता 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीस होते. ही प्रथा उत्तम आहे. पण तोवर उन्हाळ्याने पिशव्यांचा चुरा केलेला असतो आणि पावसाने तो वाहून नेलेला असतो. म्हणून दुसरी स्वच्छता फेब्रुवारी अखेर, कडक ऊन पडण्यापूर्वी घ्यावी. त्या वेळी पिशवी अखंड असते आणि मुलाच्या हाताने उचलता येते. काच, सुया व गटारातील वस्तू मुलांना उचलू देऊ नयेत. गोळा झालेले प्लास्टिक कोरडे करून ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करावे. ते शाळेच्या आवारात जाळणे सर्वथा टाळावे. त्याचा धूर विषारी असतो आणि तो प्रथम मुलांच्याच छातीत जातो.

याच्या जोडीला एक बिनखर्ची प्रयोग करावा. एकाच पिशवीचे दोन तुकडे कापावेत. एक छपरावर उन्हात बांधावा, दुसरा कपाटात ठेवावा. दर महिन्यास मुलांनी दोन्हींचा रंग व ताणण्याची शक्ती यांची नोंद करावी. ठिबक सिंचनाची काळी नळी उन्हात अधिक काळ का टिकते, हा प्रश्नही त्यांना विचारावा. नळीत मिसळलेली काजळी अतिनील किरण शोषून घेते, हे उत्तर त्यांना चर्चेतून सापडेल.

महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. कायदा आपले काम करील. परंतु आवारात आज पडलेली पिशवी उचलण्याचे काम आपलेच आहे. यंदाच्या उन्हाळ्यापूर्वी आपापल्या शाळेत हे दोन्ही उपक्रम करावेत आणि मुलांच्या नोंदवह्या पुढील परिषदेत आणाव्यात, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.