टेक्सासचा वणवा : माळरानाने दिलेला धडा

वणवा म्हटला की डोंगरउतारावरचे पेटलेले रान डोळ्यांपुढे येते. परंतु जेथे घनदाट अरण्य नाही, अशा उघड्या माळरानावरही अग्नी किती उग्र रूप धारण करू शकतो, याचे उदाहरण 2024 साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात घडले. या राज्याचा 'पॅनहँडल' नावाचा उत्तर भाग कोरडा, विरळ वस्तीचा आणि मुख्यतः गोपालनावर जगणारा आहे.

आधीच्या हंगामात पाऊस बरा झाल्याने तेथे गवत भरपूर माजले होते. हिवाळ्यात ते वाळून गेले. ज्या पावसाने कुरणे समृद्ध केली, त्यानेच आगीचे इंधनही साठवून ठेवले. 26 फेब्रुवारी रोजी स्टिनेट गावाजवळ आग लागली. कुजलेला विजेचा खांब मोडून पडल्याने ती लागली, असा निष्कर्ष राज्य विधिमंडळाच्या चौकशी समितीने काढला. पश्चिमेच्या सोसाट्याच्या वाऱ्याने आग पूर्वेकडे धावली आणि शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात शिरली. दुसऱ्या दिवशी वारा उत्तरेकडून वाहू लागला. तेव्हा पूर्व-पश्चिम पसरलेल्या आगीची दक्षिणेकडील लांबलचक बाजू हीच तिची आघाडी बनली. अशा वेळी आग केवळ दिशा बदलत नाही, तर तिचे तोंड अनेक पटींनी रुंदावते.

मार्चच्या मध्यास आग पूर्णपणे आटोक्यात आली, तोवर दहा लाखांहून अधिक एकर भूमी, म्हणजे सुमारे 4 लाख 28 हजार हेक्टर क्षेत्र भस्मसात झाले होते. टेक्सासच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वणवा ठरला. दोन व्यक्तींना प्राणास मुकावे लागले. हजारो गुरे दगावली. जी वाचली, त्यांच्यासाठी चारा उरला नाही आणि कुंपणेही जळून गेली. दूरदूरच्या राज्यांतील शेतकऱ्यांनी त्या वेळी वैरणीच्या गाड्या पाठविल्या.

या भागात आग विझविण्याचे काम बहुतांशी गावोगावच्या स्वयंसेवक पथकांवर अवलंबून असते. त्यांच्याकडील जुनी वाहने, अपुरा निधी आणि वेळेवर न मिळणारी विमाने यांवर चौकशी समितीने नेमके बोट ठेवले.

यातून निघणारा बोध खर्चिक नाही. ज्या वर्षी पाऊस चांगला, त्या वर्षी गवताची चिंता अधिक वाहिली पाहिजे. वाळलेल्या गवतातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे खांब वाऱ्याचे दिवस येण्यापूर्वी तपासावयास हवेत. जाळरेषा वेळेवर काढल्या पाहिजेत. गावाच्या पथकाला साधने व प्रशिक्षण आधीच मिळाले पाहिजे, कारण बाहेरची मदत पोहोचेपर्यंतची पहिली घटका गावालाच निभावावी लागते. पेटलेल्या माळावर वाऱ्याशी झुंजणे माणसाच्या हाती फारसे नसते. एक कुजका खांब वेळीच बदलणे मात्र निश्चितच असते.