मोर्चा निघण्यापूर्वी आणि मोर्चा संपल्यानंतर

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या तयारी बैठकीत केलेले भाषण)



स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांच्या विरोधात मोर्चा काढावा, असे आपण सर्वांनी मिळून ठरविले आहे. मोर्चा का काढायचा हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. इथे बसलेल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक आहे, आणि पुरुषांनाही ठाऊक असावे. मला बोलायचे आहे ते मोर्चा कसा काढावा आणि तो नेमका कोणाच्या उपयोगी पडावा याविषयी. मी वकील नाही, पुढारी नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या खिडकीमागे बसणारी एक लिपिक आहे. आमच्याकडे दिवसअखेर हातातली रोख आणि वहीतली नोंद जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. मोर्चालाही हीच सवय लागावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

मोर्चा ही आपल्याला वारशाने मिळालेली गोष्ट आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतून निघालेली माणसे बाबासाहेबांच्या मागोमाग शिस्तीने चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच दिवशी पुढे काय घडले, तेही सांगितले पाहिजे. लोक परतून विखुरल्यावर मंडपात उरलेल्यांवर आणि गावाकडे निघालेल्या माणसांवर हल्ले झाले. एकत्र असताना नव्हे, पांगल्यावर मार बसला. तेव्हा मोर्चाची जोखीम रस्त्यावर कमी आणि परतीच्या वाटेवर जास्त असते, हा धडा आपल्याला पहिल्याच मोर्चाने दिला आहे.

आता आपल्या विषयाकडे येते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ काढला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ८ मार्च १९८० रोजी देशाच्या अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील अत्याचारासाठी वेगळी व कडक शिक्षा आली. अशा प्रकरणात संमती नव्हती असे बाईने सांगितले, तर ते खरे धरून चालावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा झाला.

बंधू-भगिनींनो, मोर्चाने कायदा बदलतो, याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्रात दुसरा नाही. परंतु हिशोबाच्या दुसऱ्या बाजूलाही पाहा. देशातल्या लाखो मुलींना त्या मुलीमुळे नवा कायदा मिळाला, तिच्या स्वतःच्या खटल्याचा निकाल मात्र बदलला नाही. जमा कोणाच्या खात्यावर झाली आणि नावे कोणाच्या खात्यावर पडले, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट खैरलांजीची. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यात आई आणि मुलगी होती. महाराष्ट्रभर आपले लोक रस्त्यावर आले ते मुख्यतः नोव्हेंबर महिन्यात. मधल्या काळात पुराव्याचे काय झाले? पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासणी करण्याची वेळ आली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरविले, त्यातील सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती फाशी जन्मठेपेत बदलली. पण लैंगिक अत्याचाराचा आरोप न्यायालयात टिकला नाही, आणि ॲट्रॉसिटी कायद्याची कलमेही टिकली नाहीत. आपला आवाज मोठा होता, पण तो उशिरा पोहोचला. पुरावा काही मोर्चाची वाट पाहत थांबत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की मोर्चाच्या तयारीतच आपण प्रत्येक गावात दोन स्त्रिया नेमाव्यात. अंगणवाडी सेविका असो, आशाताई असो, बचत गटाची अध्यक्ष असो. त्यांचे काम एकच. तसा प्रसंग ओढवला तर त्याच रात्री त्या मुलीसोबत पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात जायचे. त्यांना काही गोष्टी पाठ असल्या पाहिजेत. मुलीला आंघोळ घालू नये. कपडे धुऊ नयेत, ते प्लॅस्टिकच्या नव्हे तर कागदी पिशवीत ठेवावेत. हद्द आमची नाही असे सांगून कोणतेही ठाणे तक्रार नाकारू शकत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि तक्रारीची प्रत फुकट मिळते. खबर मिळाल्यापासून २४ तासांत वैद्यकीय तपासणीला पाठविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने प्रथमोपचार मोफतच द्यायचे आहेत. दोन बोटांची ती अपमानास्पद चाचणी करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बजावले आहे. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम लावून घ्यावे. मग तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

आणि गावात बसून मिटवून टाकू, असे कोणी म्हणाले तर? मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, माहिती असून पोलिसांना न कळविणे हाच गुन्हा आहे. शेतमालक मोठा आहे, उद्या उसात काम मिळणार नाही, सोसायटीचे कर्ज अडेल, मुलीचे लग्न होणार नाही, ही भीती खोटी नाही. ज्याची चूल दुसऱ्याच्या बांधावर पेटते त्याला धीटपणाचा उपदेश करणे सोपे असते. पण ही भीती एका घराने एकट्याने सोसू नये, म्हणून तर आपण संघटना म्हणतो.

दुसरी सूचना फलकांविषयी. मोर्चात कोणत्याही मुलीचे नाव, फोटो, गाव, शाळा, आईवडिलांचे नाव येता कामा नये. फलकावर नाही, घोषणेत नाही, मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात तर अजिबात नाही. १९८३ पासून हा गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. आपल्याकडे हळहळ म्हणून फोटो छापतात, मेणबत्त्या लावतात. त्या हळहळीची किंमत तिच्या धाकट्या बहिणीला शाळेच्या वाटेवर मोजावी लागते.

तिसरी सूचना काहींना कडू लागेल. तरी बोलते. भिगवणहून भीमा ओलांडली की राशीन लागते, आणि तोच कर्जत तालुका, ज्यातल्या कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिला मारण्यात आले. मुलगी मराठा समाजातली, आरोपी दलित समाजातले. ९ ऑगस्ट २०१६ पासून लाखांचे मूक मोर्चे निघाले. त्यांतील ॲट्रॉसिटी कायद्याविषयीच्या मागणीने आपल्या वस्त्या धास्तावल्या, आणि ती धास्ती रास्त होती. त्या मागणीला विरोध करणे आपले काम होते आणि राहील. पण त्या मुलीसाठी दुःख करणे हेही आपलेच काम होते. अत्याचार करणारा आपल्या आळीतला निघाला, आपल्या भावकीतला निघाला, तर आपण कोणत्या बाजूला उभे राहणार, हे आजच ठरवा. त्या दिवशी जो समाज गप्प बसतो, त्याच्या इतर दिवसांच्या घोषणांना वजन राहत नाही. आपला मोर्चा सर्व जातींच्या मुलींसाठी आहे, असे पत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहावे. आणि त्या मूक मोर्चांची शिस्तही शिकावी. पुढे मुली, निवेदन मुलींच्या हाती, मागे रस्ता झाडणारे स्वयंसेवक. चांगली रीत कोणाचीही असो, ती घ्यावी.

आता प्रत्यक्ष व्यवस्था. इंदापूर ते बारामती सुमारे ५० किलोमीटर अंतर आहे. उजनीच्या काठावरची बाई बारामतीला आली की तिची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आधी इंदापूरच्या तहसील कचेरीवर, आणि मग दोन्ही तालुक्यांचे प्रतिनिधी बारामतीच्या प्रांत कार्यालयावर, असे दोन टप्पे करावेत. पोलिसांना लेखी पत्र आधी द्यावे, त्यात मार्ग, वेळ, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तींची नावे असावीत, आणि पत्राची पोच घ्यावी. जमावबंदीचा आदेश लागू आहे का, ते विचारून घ्यावे. पाणी, सावली आणि बायकांच्या स्वच्छतागृहाची सोय मार्ग ठरवतानाच पाहावी. आणि महाडची आठवण ठेवून, प्रत्येक गावची गाडी गावात पोहोचल्याचा निरोप आल्याशिवाय संयोजकांनी घरी जाऊ नये.

निवेदनात फाशी द्या, एवढीच मागणी लिहून थांबू नये. ज्याचे उत्तर प्रांतसाहेबांना हो किंवा नाही असे द्यावे लागेल, असे लिहावे. प्रत्येक ठाण्यात रात्रीही महिला अधिकारी उपलब्ध आहे का? दहा किंवा अधिक कामगार असलेल्या एमआयडीसीतील प्रत्येक कारखान्यात २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का? मनोधैर्य योजनेचे किती अर्ज पडून आहेत? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात हंगामात बीड-नगरकडून ऊसतोडीला येणाऱ्या बायका कोपीत राहतात. त्या कोपीला दार नसते. त्यांच्या तळावर दिवा, शौचालय आणि पोलिसांची फेरी आहे का? त्यांची मते इथे नाहीत, म्हणून त्यांचे नाव कोणी घेत नाही. आपण घ्यावे.

शेवटी माझ्या धंद्याची गोष्ट, म्हणजे हिशोब. वर्गणी पावतीवरच घ्यावी, मग ती दहा रुपयांची का असेना. खजिनदार स्त्री असावी. मांडव, ध्वनिक्षेपक आणि जेवण यांवर जेवढा खर्च होईल, तेवढीच रक्कम बाजूला ठेवावी, ती न्यायालयाच्या तारखांसाठी. खटला वर्षानुवर्षे चालतो. साक्षीदाराचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोणी तरी द्यावी लागते. ती मिळाली नाही की साक्षीदार फितूर झाला, असे आपण म्हणतो. खरे तर तो थकलेला असतो. पंधरा दिवसांत सगळा जमाखर्च विहारातल्या फळ्यावर लावावा.

त्याबरोबर एक साधी वही घालावी. तारीख, खटला, कोण सोबत गेले, पुढची तारीख, असे चार रकाने. मुलीचे नाव त्यातही नको, नुसता क्रमांक पुरे. मोर्चाला किती हजार आले, हे वर्तमानपत्र एक दिवस छापेल. बारामतीच्या न्यायालयाच्या आवारात चौथ्या वर्षीच्या तारखेला त्या आईशेजारच्या बाकावर कोण बसले होते, हे फक्त त्या वहीत दिसेल. ज्या दिवशी त्या रकान्यात एकही जागा रिकामी राहणार नाही, त्या दिवशी आपला मोर्चा संपला असे मी समजेन.

 ज्या गावांनी दोन नावे द्यायची ठरवली आहेत, त्यांनी जाण्यापूर्वी दाराजवळच्या टेबलावर ती लिहून द्यावीत, ही कळकळीची विनंती. जयभीम.