शिकलेली मुले आणि मागे राहिलेले गाव
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मुलगा शिकला की गावाला पारखा होतो, ही आपल्या मावळातील पालकांची जुनी तक्रार आहे. लोणावळ्याहून एक गाडी मुंबईला जाते, दुसरी पुण्याला. शिकलेला मुलगा त्यांतल्या एकीत बसतो, तो ईदेलाच परत दिसतो. या धास्तीने काही पालक दहावीनंतर मुलाला गॅरेजात धाडतात आणि मुलीची शाळाच थांबवतात. त्यांच्यासाठी आज एक उदाहरण सांगतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात अब्दुल लाट नावाचे गाव आहे. १९५८ साली तेथे ज्ञानेश्वर मुळे यांचा जन्म झाला. वडील शेती करीत व कपडे शिवीत. मुलगा गावच्या मराठी शाळेत शिकला, पुढील शिक्षणासाठी कोल्हापूरला गेला आणि १९८३ साली भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाला. जपान, रशिया, मॉरिशस, सीरिया या देशांत त्यांनी काम केले. मालदीवमध्ये ते भारताचे उच्चायुक्त होते आणि न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत. २०१९ साली परराष्ट्र मंत्रालयाच्या सचिवपदावरून ते निवृत्त झाले.

इतके जग फिरूनही त्यांचे गाव सुटले नाही. त्यांनी आपली कहाणी मराठीतच लिहिली. तिचे नाव 'माती, पंख आणि आकाश'. त्यात माती पहिली आहे. अब्दुल लाटमधील 'बालोद्यान' या निराधार मुलांच्या संस्थेशीही त्यांचे नाते आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. त्यांच्या सचिवपदाच्या काळात, २०१७ पासून, टपाल कचेऱ्यांतून पासपोर्ट सेवा केंद्रे उघडू लागली. हजला निघालेल्या म्हाताऱ्याला किंवा आखातात नोकरीस जाणाऱ्या तरुणाला पासपोर्टसाठी दूरच्या शहरी खेटे घालणे काय असते, हे आपल्याला सांगायला नको. खेड्यातून आलेला माणूस मोठ्या खुर्चीवर बसला, तर खेड्याची अडचण त्याला समजावून द्यावी लागत नाही.

कोणी म्हणेल, असा लाखात एखादाच. कबूल आहे. प्रत्येक मुलगा राजदूत होणार नाही. परंतु तलाठी, परिचारिका, वकील, शिक्षिका होण्यास कोणती आडकाठी आहे? आणि गावाशी नाते राखण्यास मोठे पद लागत नाही. महिन्यातून एक रविवार पुरे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्यावा, दहावीच्या मुलांना गणित समजावून सांगावे, एखाद्या मुलीच्या वडिलांची समजूत घालावी.

पालकहो, न शिकवलेला मुलगा गावात राहील. पण गावाची अडचण कचेरीत कोण मांडणार? म्हणून मुलामुलींना शिकवा, त्यांना जाऊ द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही खुशाल दूर जा. मात्र ज्या वाटेने जाल, ती मागच्यांसाठी मोकळी ठेवा.