सिडनीच्या दारचें रान

ऑस्ट्रेलिया खंडांतील सिडनी हें शहर आज पन्नास लाखांहून अधिक वस्तीचें आहे. त्याच्या दक्षिणेकडील उपनगरांतून पोर्ट हॅकिंग या खाडीच्या कांठीं जाऊन उभें राहिलें म्हणजे एक विलक्षण देखावा दृष्टीस पडतो. अलीकडच्या तीरावर घरांची दाटी, धक्के आणि होड्या; पलीकडच्या तीरावर, बंडीना हें लहानसें गांव सोडलें तर, टेकडीमागून टेकडी नुसतें रान. शहराच्या मध्यापासून हें स्थळ सुमारें तीस किलोमीटर दूर आहे. पूर्वेस समुद्राच्या लाटा वालुकाश्माच्या उभ्या कड्यांवर आदळत असतात. कड्यांच्या माथ्यापासून आंत सुमारें दीडशें चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश पसरला आहे. त्यास ‘रॉयल नॅशनल पार्क’ असें नांव आहे.

एखादें रान एकदां राखून ठेवलें म्हणजे तें कायमचें राखलें गेलें, असा सर्वसाधारण समज असतो. या रानाची कथा निराळें सांगते. तें एकदां राखून भागलें नाहीं. प्रत्येक पिढीस तें नव्यानें राखावें लागलें.

प्रथम हें रान शिल्लक कसें राहिलें तें पाहूं. १७८८ सालीं इंग्रजांनीं सिडनीची वसाहत वसविली. वसाहतवाल्यांस हवी होती नांगरास योग्य अशी काळी जमीन. येथील जमीन वालुकाश्म झिजून झालेली, रेताड आणि नापीक. तिच्यांत स्फुरद तर फारच थोडें. शेतकऱ्यानें नाक मुरडावें अशीच ती होती, आणि तिचें हें दारिद्र्यच तिला तारक ठरलें. मात्र ती ओसाड नव्हती. धारावल लोक तेथें हजारों वर्षें राहत आले होते. समुद्रकांठीं त्यांनीं खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग अद्याप सांपडतात, आणि जिब्बन येथील सपाट खडकावर देवमासा, कांगारू इत्यादिकांच्या त्यांनीं कोरलेल्या आकृति आजही दिसतात. १७८९ मध्यें देवीची भयंकर सांथ आली. तींत या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांचा फार मोठा संहार झाला. मागून आलेल्यांस जी भूमि निर्मनुष्य वाटली, ती अशा रीतीनें निर्मनुष्य झालेली होती. या रानाचा इतिहास सांगतांना ही गोष्ट वगळणें न्यायाचें होणार नाहीं.

पुढें शंभर वर्षांच्या आंत सिडनी गजबजून गेली. अरुंद गल्ल्या, तुंबलेलीं गटारें आणि रोगराई यांमुळें बालमृत्यूंचें प्रमाण वाढलें. शहरास मोकळी हवा हवी, त्यास जणूं फुप्फुसें हवींत, असा विचार विधिमंडळांत मांडला गेला. त्या वेळच्या सरकारांतील एक प्रमुख, सर जॉन रॉबर्टसन, यांनीं ही कल्पना उचलली आणि २६ एप्रिल १८७९ रोजीं १८,००० एकर भूमि लोकांच्या विश्रांतीसाठीं राखून ठेवण्यांत आली. पुढील वर्षीं हें क्षेत्र दुपटीनें वाढलें. अमेरिकेंतील यलोस्टोन १८७२ चें. त्याच्यामागून ‘राष्ट्रीय उद्यान’ हें नांव धारण करणारें हें जगांतील दुसरें उद्यान मानलें जातें. १८८६ सालीं आगगाडी तेथवर पोंचली आणि सुटीच्या दिवशीं सिडनीचीं कुटुंबें फराळाचे डबे घेऊन तेथें लोटूं लागलीं.

परंतु त्या पिढीचा ‘उद्यान’ या शब्दाचा अर्थ आजच्याहून फार वेगळा होता. विश्वस्तांस मिळालेल्या अधिकारांत शोभेच्या बागा, हिरवळी, प्राणिसंग्रह, शर्यतीचें मैदान, क्रिकेटचें मैदान, एवढेंच नव्हे तर तोफखान्याच्या सरावाची जागा येथवर सर्व कांहीं होतें. ऑडली येथें नदीस बांध घातला गेला, नौकाविहाराची सोय झाली, परदेशी झाडें लावलीं गेलीं. रानांत शोभा यावी म्हणून हरणेंही आणून सोडलीं. म्हणजे रान राखलें तें रान म्हणून नव्हे; कधीं काळीं तेथें विलायतेसारखी बाग फुलेल या आशेनें. त्यांच्या हेतूस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. गोरगरिबांच्या मुलांस मोकळा वारा मिळावा ही इच्छा थोरच होती. मात्र जें दारांत उभें होतें त्याचें मोल त्यांस उमगलें नव्हतें.

तें मोल पुढच्या पिढीस उमगलें. १९२० नंतरच्या वर्षांत खाणीस टेकूसाठीं लांकूड पुरवावें म्हणून या उद्यानांतील वृक्ष तोडण्याची परवानगी दिली गेली, तेव्हां वन्यजीवांच्या कैवाऱ्यांनीं गिल्ला केला आणि तोड थांबविली. याच सुमारास पाठीवर पिशवी टाकून रानोमाळ भटकणाऱ्या तरुणांचे संघ सिडनींत निघाले होते. त्यांतील माइल्स डन्फी हे वास्तुकला शिकविणारे गृहस्थ स्वतः फिरून रानाचे नकाशे काढीत. रस्ता नाहीं, उपाहारगृह नाहीं, असेंही कांहीं रान राखलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या खटपटीनें १९३४ मध्यें दक्षिणेस लागून असलेला गारावारा हा प्रदेश राखीव झाला. ‘रॉयल’ हें विशेषण १९५५ सालचें. आदल्या वर्षीं राणी एलिझाबेथ त्या मार्गानें गेल्या होत्या. १९६७ मध्यें राज्यांतील राष्ट्रीय उद्यानांसाठीं स्वतंत्र कायदा व खातें झालें, आणि २००६ मध्यें उद्यानास राष्ट्रीय वारशाच्या यादींत स्थान मिळालें.

आतां या रानांत आहे काय, तें पाहूं. तिकडील लोक अशा रानास ‘बुश’ म्हणतात. तें आपल्या सह्याद्रींतील अरण्यासारखें गर्द नव्हे, आणि उघडा माळही नव्हे. कड्यांच्या माथ्यावर खारा वारा सोसणारीं गुडघाभर झुडपें. त्यांच्यामागें निलगिरीचे उंचसखल वृक्ष. आणि खोल घळींतील ओढ्यांच्या कांठीं दाट, ओलसर वन. फुलझाडांच्या एक हजाराहून अधिक जाती एवढ्याशा प्रदेशांत आहेत. सर्दी झाली कीं घराघरांतून ज्याचें तेल हुंगवितात त्या निलगिरीचे भाऊबंद येथें पावलोपावलीं भेटतात. कोंकणकिनाऱ्यावर लावलेल्या सुरूचे सोयरेही येथें आहेत. बँक्सिया नांवाच्या झुडपाचीं फुलें मक्याच्या कणसासारखीं उभीं असतात. १७७० सालीं कॅप्टन कुक यांचें जहाज येथून जवळच बॉटनी बे येथें लागलें असतां त्यावरील जोसेफ बँक्स यांनीं हीं झुडपें गोळा केलीं. तें नांव त्यांचेंच. जमिनींतील पोषण अल्प, म्हणून या झुडपांच्या मुळांस केसांसारख्या तंतूंचे झुबके फुटतात आणि कणाकणानें अन्न शोषून घेतात. दारिद्र्यांतला संसार कसा नेटका करावा, तें त्यांच्याकडून शिकावें.

घळींतून लायरबर्ड हा पक्षी पालापाचोळा उकरीत हिंडत असतो. इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल तो इतकी हुबेहूब करतो कीं ऐकणाऱ्यास वाटावें, झाडीमागें दहा पक्षी बसले आहेत. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत, म्हणजे तिकडच्या वसंतांत, न्यू गिनीकडून येतो कोकिळ. आपल्या कोकिळाचाच तो जातभाई. नर काळाभोर, मादी ठिपक्यांची. आपली कोकिळा कावळ्यास फसविते, तिकडची वॉटलबर्ड नांवाच्या पक्ष्याच्या घरट्यांत अंडें घालते. वसंताची वर्दी देणारी ही हांक दोन्ही देशांत ओळखीची आहे.

या रानाचा सर्वांत मोठा सोबती म्हणजे अग्नि, आणि सर्वांत मोठा वैरीही तोच. जानेवारी १९९४ मध्यें येथें वणवा पेटला आणि उद्यानाचा नऊ दशांशांहून अधिक भाग जळून गेला. काळी राख आणि उभे कोळसे पाहून अनेकांस वाटलें, संपलें. परंतु निलगिरीच्या सालीखालीं झोपलेले डोळे जागे झाले आणि जळक्या खोडांवर पालवी फुटली. बँक्सियाचीं लांकडी बोंडें आंचेनें उकललीं आणि बीज राखेंत पडलें. घायपाताच्या पानांची आठवण करून देणारी जिमिया लिली पुरुषभर उंचीच्याही वर दांडे उभारून लाल फुलांनीं डंवरली. मात्र या पुनर्जन्मास एक अट आहे: दोन वणव्यांमध्यें पुरेसा अवधि हवा. कांहीं बँक्सिया आगींत समूळ मरतात. त्यांच्या रोपांस पुन्हां बीज धरण्यास कांहीं वर्षें लागतात. त्यापूर्वींच दुसरी आग आली तर मागें कांहींच उरत नाहीं. २००१ च्या नाताळांत पुन्हां मोठा वणवा आलाच. हवामान तापत चाललें आहे आणि शेजारीं महानगर आहे. अशा स्थितींत हा अवधि मिळत राहील कीं नाहीं, हा आजच्या पिढीपुढील प्रश्न आहे.

जुन्या चुकाही निस्तराव्या लागत आहेत. शोभेसाठीं सोडलेल्या हरणांची संतति आतां कोंवळीं रोपें खाऊन टाकते, म्हणून तिला आवर घालावा लागतो. हॅकिंग नदींतून प्लॅटिपस, म्हणजे अंडीं घालून पिल्लांस दूध पाजणारा तो अद्भुत प्राणी, सुमारें पन्नास वर्षें नाहींसाच झाला होता. १९७० नंतरच्या दशकांत जवळच्या हमरस्त्यावर रसायन सांडून तें नदींत मिसळलें, हें त्याचें एक कारण मानतात. २०२३ सालीं संशोधकांनीं दुसऱ्या नद्यांतून कांहीं प्लॅटिपस आणून येथें सोडले, आणि पुढें त्यांस तेथेंच पिल्लू झाल्याचें आढळलें. जें गेलें, तें परत आणण्यास अर्धें शतक लागलें.

एका पिढीनें हें रान हवेसाठीं राखलें, दुसरीनें भटकंतीसाठीं, तिसरीनें त्यांतील जीवांसाठीं. कारणें बदललीं, चुकाही झाल्या. पण कोणत्याही पिढीनें तें विकून खाल्लें नाहीं, म्हणून पुढचीस आपली चूक सुधारण्यास जागा उरली. जिब्बनच्या खडकावरील देवमासा तसाच आहे, आणि हिंवाळ्यांत त्याच किनाऱ्यावरून खरे देवमासे उत्तरेकडे जातांना दिसतात. आगगाडीनें आलेल्या शहरांतल्या पोरास तें दोन्ही एकाच दिवशीं पाहावयास मिळावें, एवढ्याचसाठीं सुद्धां तें रान राखण्याजोगें आहे.