तिरक्या पट्ट्याची गोष्ट



मी मुरगूडचा. आमच्या गावाला समुद्र नाही. वेदगंगा आहे, सर पिराजीराव तलाव आहे. पण वेदगंगेचं पाणीसुद्धा कोकणाकडं पाठ फिरवून दूधगंगेला आणि पुढं कृष्णेला मिळतं. अशा गावच्या माणसानं जहाजाच्या अंगावरच्या रंगाबद्दल बोलावं, याचं कुणालाही नवल वाटेल. त्याचं कारण आधी सांगतो.

माझे साडू रत्नागिरीकडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. एका वर्षी पावसाळा सरल्यावर त्यांच्या नौकेचं इंजिन भर दर्यात बंद पडलं. दोन रात्री नौका वाऱ्यावर वाहत होती. एक मोठं मालवाहू जहाज लांबून गेलं. यांनी सदरे काढून हलवले, पण जहाजावरच्या कुणाला ते दिसलेच नसावेत. तिसऱ्या दिवशी सकाळी क्षितिजावर पांढरा ठिपका आला. तो वाढत गेला आणि त्याच्या पुढच्या अंगाला तिरका पट्टा दिसला. ते जहाज तटरक्षक दलाचं होतं.

साडू मला म्हणाले, "साडूभाई, नाव वाचायला जहाज जवळ यावं लागतं. पट्टा लांबूनच बोलतो. पट्टा दिसला आणि आमच्या तांडेलानं तिथंच बसकण मारली. म्हणाला, आता घरी जाणार."

तेव्हापासून हा पट्टा माझ्या डोक्यात बसला. तो काढला कुणी? आणि तिरकाच का?

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. तिथलं तटरक्षक दल १९१५ साली दोन जुनी खाती एकत्र करून झालं. एक जकातीची गस्त घालणारं, दुसरं बुडत्यांना वाचवणारं. १९३९ मध्ये दीपगृहांचं खातंही त्यात आलं. कामं अनेक, जहाजं नाना तऱ्हेची. लोकांना ती ओळखूच येईनात. तेव्हा १९६४ मध्ये रेमंड लोवी आणि विल्यम स्नेथ यांच्या संस्थेकडं हा प्रश्न गेला. लोवी म्हणजे आगगाडीच्या इंजिनापासून सिगारेटच्या पाकिटापर्यंत वस्तूंना रूप देणारा जगप्रसिद्ध माणूस. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विमानाची रंगसंगती १९६२ मध्ये त्यानंच केली होती. या संस्थेनं सुचवलं, की जहाज लहान असो की मोठं, सगळ्यांच्या अंगावर एकच खूण हवी. लाल रंगाचा रुंद पट्टा, शेजारी निळा अरुंद पट्टा, आणि दोन्ही तिरके. काही जहाजांवर प्रयोग करून पाहिला आणि एप्रिल १९६७ मध्ये तो साऱ्या दलाला लागू झाला.

जुन्या खलाशांना हे रुचलं नाही. शर्यतीच्या मोटारीसारखे पट्टे जहाजाला कशाला, असा त्यांचा सूर. त्यांचं शिडाचं प्रशिक्षण जहाज 'ईगल' तर कित्येक वर्षं बिनपट्ट्याचंच राहिलं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा कुठं त्याच्या अंगावर पट्टा चढला.

पट्टा तिरका का, याचं उत्तर साधं आहे. जहाजावर बहुतेक रेषा आडव्या असतात. पाण्याची रेषा आडवी, डेकची कड आडवी, खालून क्षितिजही आडवं. त्यात आणखी एक आडवी रेघ कुणाच्या लक्षात येणार? तिरकी रेघ मात्र चटकन डोळ्यांत भरते. आणि उभं जहाजसुद्धा निघाल्यासारखं वाटतं.

पुढं ही कल्पना जगभर गेली. कॅनडानं लाल जहाजावर पांढरा पट्टा घेतला. इटलीनं घेतला, बांगलादेश-श्रीलंकेनं घेतला. जपाननं मात्र पांढऱ्या जहाजावर निळी नागमोडी खूण काढली. आपल्या तटरक्षक दलाचं जहाज पांढरं, त्यावर तिरका निळा पट्टा आणि मोठ्या अक्षरांत दलाचं नाव.

आपलं हे दल तसं तरुण आहे. सत्तरच्या दशकात आपल्या किनाऱ्यावर सोन्याची आणि कापडाची तस्करी जोरात होती. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडलं. १९७६ च्या कायद्यानं किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर आपला हक्क आला. एवढा पसारा राखायचा कुणी? त्याचा विचार करायला १९७४ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी. हे पारशी गृहस्थ आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. सीमा सुरक्षा दलही त्यांनीच उभं केलं होतं. समितीनं वेगळं दल हवं असं सांगितलं. १ फेब्रुवारी १९७७ ला त्याची तात्पुरती उभारणी झाली आणि ऑगस्ट १९७८ मध्ये कायद्यानं ते रीतसर स्थापन झालं. सुरुवातीला जवळ काय होतं? नौदलाकडून आलेली दोन फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका, एवढंच. ब्रीद मात्र मोठं घेतलं: 'वयं रक्षामः'.

इथं एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. युद्धनौका राखाडी असते, कारण तिला समुद्रात मिसळून जायचं असतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जहाजांवर वेडेवाकडे पट्टे ओढले होते. हेतू हा, की जहाज कुठल्या दिशेला चाललंय ते शत्रूच्या पाणबुडीला कळू नये. म्हणजे ते पट्टे फसवण्यासाठी होते. तटरक्षकाचा पट्टा दिसण्यासाठी आहे. त्याचे खरे पूर्वज म्हणजे इस्पितळ जहाजं. १८९९ च्या हेग परिषदेनं ठरवलं, की सैन्याचं इस्पितळ जहाज पांढरं असावं आणि त्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा आडवा पट्टा असावा. तो दिसला की तोफ डागायची नाही.

कायदाही आज हेच सांगतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारात एक कलम आहे. गुन्हा करून पळणाऱ्या परक्या जहाजाचा खुल्या समुद्रात पाठलाग करायचा, तर तो युद्धनौकेनं करावा. नाहीतर सरकारी कामावरचं म्हणून स्पष्ट खूण असलेल्या, ओळखू येणाऱ्या आणि तसा अधिकार दिलेल्या जहाजानं करावा. म्हणजे ज्याला दुसऱ्याला थांबवायचंय, त्यानं आधी आपण कोण ते दाखवायचं.

मग २००८ चा नोव्हेंबर आला. मुंबईवर चालून आलेले हल्लेखोर कुठल्या अनोळखी जहाजातून आले नव्हते. त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही आपलीच मासेमारी नौका पळवली होती. बाहेरून पाहणाऱ्याला ती इतर शेकडो नौकांसारखीच दिसणार. खूण चोरता येते, हे त्या रात्री फार महागात कळलं.

त्यानंतर किनाऱ्यावरच्या राज्यांच्या नौकांना वेगवेगळे रंग ठरवून दिले गेले. नोंदणी क्रमांक ठळक रंगवायची सक्ती झाली. आपल्याकडच्या क्रमांकाची सुरुवात 'आयएनडी एमएच' अशी असते. मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. मी साडूंना एकदा विचारलं, "दर्यात अडवतात, कार्ड मागतात, त्रास नाही वाटत?" नाव सांगितल्यावर पुढं चार प्रश्न जास्त विचारले जाण्याचा अनुभव आमच्या घरांना नवा नाही. मी मराठीत कविता लिहितो, त्याचंही अजून कुणाला आश्चर्य वाटतं. म्हणून विचारलं.

ते हसले. म्हणाले, "त्यांनी पट्टा रंगवलाय, मी नंबर रंगवलाय. ते मला अडवतात, पण इंजिन बंद पडलं तेव्हा त्यांनी आधी पाणी दिलं, कार्ड मग बघितलं. हिशेब बरोबर आहे."

श्रोते हो, या उत्तरात मला पट्ट्याचा सगळा अर्थ सापडला. बेंदराला आपण बैलाची शिंगं रंगवतो, ती कौतुकानं. एसटी लांबून लाल दिसली की आपण पिशवी उचलतो, ती भरवशानं. रंगामागं भरवसा असला तरच त्या रंगाला किंमत. २०१९ च्या महापुरात आमचा कोल्हापूर जिल्हा पाण्यात होता. लष्कर, नौदल आणि आपत्ती दलाबरोबर तटरक्षक दलाच्या तुकड्याही कोल्हापूर-सांगलीकडं आल्या. ज्या गावांनी कधी समुद्र पाहिला नाही, त्यांच्या दारापर्यंत समुद्राची माणसं पोचली. त्यांनी कुणाला होडीत घेण्याआधी नाव-गाव विचारलं नाही.

खाऱ्या पाण्यात रंग टिकत नाही. जहाज गोदीत आलं की पट्टा पुन्हा रंगवावा लागतो. साडूही दरवर्षी पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढली, की आपला नंबर नव्यानं रंगवतात. दोघांनीही हे काम चुकवू नये, एवढंच आपल्यासारख्या काठावरच्या माणसानं मागावं.